जुन्या गाडीच्या ब्रेक ड्रमला कोणता रंग द्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या वेळची, 1950 च्या दशकातली मॉरिस मायनर, म्हणजे जिला आपल्याकडे पुष्कळ जण बेबी हिंदुस्थान या नावाने ओळखतात ती गाडी, आपण पुन्हा रस्त्यावर आणत आहात. चारही ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे गोल डबे, लेथवर आतून साफ करून झाले आहेत आणि आता बाहेरून रंगवायचे आहेत. रंगाच्या दुकानदाराने 600 अंश सेल्सिअस सहन करणारा चंदेरी रंग सुचवला, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराने पावडर कोटिंग सुचवले, आणि चिरंजीवांना ड्रम लाल हवे आहेत. यांपैकी काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो. ड्रम भट्टीत भाजून घेण्याची सोय होत असेल तर सिलिकॉन रेझिनचा, उष्णता सहन करणारा, कमी चमकेचा काळा रंग घ्यावा. ती सोय नसेल तर ब्रेक कॅलिपरसाठी (डिस्क ब्रेकच्या पकडीसाठी) मिळणारा, हार्डनर म्हणजे घट्ट करणारे द्रव्य मिसळून वापरायचा दोन भागांचा रंग घ्यावा, आणि तोही काळाच. दोन्ही बाबतींत थर पातळ ठेवावा आणि जिथे धातू धातूवर टेकतो त्या सर्व जागा कोऱ्या ठेवाव्यात. या शेवटच्या अटीला मी रंगाच्या निवडीपेक्षाही अधिक महत्त्व देतो, कारण रंग चुकला तर ड्रम वाईट दिसेल, पण ही अट चुकली तर चाकाचे नट सैल होतील.

डब्यावरचा 600 हा आकडा पाहून रंग घेऊ नये, असे मी का म्हणतो ते ड्रम प्रत्यक्षात किती तापतो यावरून समजेल. माणसांसह एक टन वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली तर सुमारे 140 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तिचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, पुढच्या दोन ड्रमवर येतो. पुढचा एक ड्रम समजा पाच किलो बिडाचा आहे, तर एका थांब्यामागे त्याचे तापमान साधारण 20 अंशांनी वाढते आणि पुढच्या थांब्यापर्यंत त्यातले बरेचसे वाऱ्याने निघूनही जाते. त्यामुळे रावपुरा, दांडिया बाजार, अलकापुरी अशा शहरातल्या फिरण्यात, दुपारच्या गर्दीतसुद्धा, ड्रमचे बाहेरचे अंग क्वचितच 150 अंशांच्या वर जाते.

उताराची गोष्ट मात्र वेगळी आहे. पावागडाच्या डोंगरावर माचीपर्यंत गाडी नेली आणि परतताना समजा 300 मीटरचा उतार गिअर न पाडता केवळ ब्रेकवर उतरला, तर हिशोबाने पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये इतकी उष्णता शिरते की थंड होण्याची संधीच मिळाली नाही तर तापमान 400 अंशांनी वाढावे. प्रत्यक्षात वारा लागतो, इंजिन गाडीला धरून ठेवते, आणि ड्रम 250 ते 300 अंशांच्या आसपास पोचण्याआधीच ब्रेकची पकड कमी होऊ लागते, म्हणून शहाणा चालक तिथवर जातच नाही. सारांश असा की आपल्या ड्रमचे बहुतेक आयुष्य 150 अंशांच्या खाली जाईल आणि थोडेच क्षण 250 च्या जवळ.

सिलिकॉनच्या रंगाची, म्हणजे दुकानदाराने सुचवलेल्या चंदेरी रंगाचीही, अडचण इथेच येते. हा रंग हवेत वाळतो तेव्हा तो केवळ हाताला कोरडा लागतो, पक्का झालेला नसतो. त्याचे रेझिन जुळून घट्ट होण्यासाठी धातू साधारण 200 अंशांपर्यंत तापून अर्धा ते एक तास तिथे राहावा लागतो. रिफायनरीतल्या नळीवर किंवा बॉयलरच्या धुराड्यावर हा रंग लावला की काम सुरू होताच नळी स्वतःच त्याला भाजून काढते, आणि म्हणूनच तिथे तो वर्षानुवर्षे टिकतो. कोयलीची रिफायनरी 1965 पासून आपल्या शेजारी असल्यामुळे बडोद्यात औद्योगिक रंगांच्या दुकानांत हा माल सहज मिळतो, आणि दुकानदार तो विश्वासाने सुचवतो यात त्याची काही चूक नाही. भारतीय मानकात अशा चंदेरी रंगाचे 200, 400 आणि 600 अंश असे वर्गही आहेत. परंतु शहरात फिरणाऱ्या मायनरचा ड्रम 200 अंशांवर एक तास कधी राहतच नाही. परिणामी जो रंग 600 अंशांवर हलणार नाही, तो 80 अंशांवर पेट्रोलच्या फडक्याने पुसला जातो.

याची खात्री दुकानदाराच्या किंवा माझ्या शब्दावर करू नये. भंगारातल्या बिडाच्या तुकड्यावर दोन हात मारून चार दिवस वाळू द्यावेत, मग तो तुकडा भट्टीत भाजलेल्या दुसऱ्या तुकड्याशी ताडून पाहावा. न भाजलेल्या चंदेरी रंगावर बोट घासले की बोटाला चमक लागते, पेट्रोलच्या फडक्याने चार-पाच वेळा पुसले की खालचे करडे बीड दिसू लागते, आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब रात्रभर ठेवला तर सकाळी त्या जागी रंग सुरकुतलेला असतो. भाजलेल्या तुकड्यावर पेट्रोलचा परिणाम होत नाही आणि ब्रेक ऑइलही वेळीच पुसले तर डाग पडत नाही. माझ्या मते कोणताही रंग ड्रमला लावण्याआधी ही परीक्षा घ्यावीच, कारण साधे डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल सिंथेटिक एनॅमलला आणि ड्यूकोला (गाड्यांवर फवारायच्या जुन्या पद्धतीच्या रंगाला) काही मिनिटांत उकलवते.

मग ड्यूको किंवा चासीचा काळा एनॅमल का नको, हे वेगळे सांगायला नको. ब्रेक ऑइलपुढे तो टिकत नाही, उष्णतेने ठिसूळ होतो आणि त्याला फुगे येतात. इंजिनसाठी मिळणारा एनॅमल त्याहून बरा असतो, आणि ज्यांना भट्टीही मिळत नाही व दोन भागांचा रंगही मिळत नाही, त्यांनी तो वापरला तर मी आक्षेप घेणार नाही. मात्र दर दोन-तीन वर्षांनी हात फिरवण्याची तयारी ठेवावी. कॅलिपरचा दोन भागांचा रंग बहुधा इपॉक्सीवर आधारलेला असतो, आपोआप पक्का होतो, त्याला भट्टी लागत नाही आणि ब्रेक ऑइलपुढे तो चांगला टिकतो. पावागडासारख्या उतारावर तो थोडा काळवंडेल, हलका रंग असेल तर पिवळसर होईल, पण काळ्यात ते दिसत नाही. हार्डनर असलेले रंग फवारताना साधा कापडी मास्क पुरत नाही. वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क लावावा आणि काम मोकळ्या जागेत करावे.

पावडर कोटिंगबद्दल मला जरा विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण जीआयडीसीत ते स्वस्तात आणि सुबक होते आणि त्यामुळेच त्याचा मोह अधिक पडतो. त्याचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारांश) जाड येतो. साधे पावडर 180 ते 200 अंशांवर भाजून पक्के होते, आणि ड्रम पुन्हा त्याच तापमानाला पोचला की ते मऊ पडते. बाहेरच्या गोल अंगावर हे चालवून घेता येईल. पण कारखान्यात ड्रम हुकाला टांगून चारही बाजूंनी पावडर मारली जाते, आणि चाक ज्या सपाट तोंडावर बसते ते तोंडही त्यात झाकले जाते.

आता चाकाचा नट आवळला की काय होते ते पाहा. नट आवळल्यावर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच चाक ड्रमवर दाबून धरले जाते. हा ताण मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच असतो. चाक आणि ड्रम यांच्यामध्ये, शिवाय ड्रम आणि हब (ड्रम ज्यावर बसतो तो चाकाचा मधला भाग) यांच्यामध्ये, प्रत्येकी आठ-दहा शतांश मिलिमीटरचा रंग असेल, आणि तो गरम होऊन तीन-चार शतांशांनी जरी दबला, तरी स्टडचा सारा ताण संपतो. नट जागचा हललेला नसतो, पाना लावेपर्यंत कळतही नाही, आणि चाक मात्र मोकळे झालेले असते. त्यामुळे ड्रमचे हबवर बसणारे तोंड, चाकाचे तोंड, मधले गोल भोक, स्टडची भोके आणि चाकावरच्या नटांच्या निमुळत्या बैठका या ठिकाणी प्रायमरसुद्धा नको. तिथे गंज येऊ नये म्हणून मधल्या भोकाच्या कडेला उष्णता सहन करणारे नखभर ग्रीस बोटाने फिरवणे पुरेसे आहे, आणि तेही स्टडच्या आट्यांपासून व ब्रेकच्या आतल्या भागापासून दूर.

रंगामुळे ड्रमची हवा कोंडते आणि तो थंड होत नाही, अशी एक समजूत बऱ्याच मिस्त्रींमध्ये आहे. पातळ थराच्या बाबतीत ती खरी नाही. 50 मायक्रॉन रंगाचा उष्णतेला होणारा अडथळा हा ड्रमच्या पृष्ठभागावरून हवेत जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या जेमतेम एक टक्क्याच्या घरात असतो. रंगाची जात मात्र थोडा फरक करते. ड्रम 200 अंशांवर आणि हवा 30 अंशांवर असेल तर काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे 2,100 वॅट उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. अॅल्युमिनियमच्या कणांचा चंदेरी रंग त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी टाकतो. चालत्या गाडीत वारा याच्या तिपटीहून अधिक उष्णता नेतो आणि ड्रम चाकाच्या आत झाकलेला असतो, म्हणून हा फरक फार मोठा मानू नये; तरीही निवड करायचीच आहे तर काळ्याच्या बाजूने हे एक कारण आहे.

दुसरे कारण गाडीच्या मूळ रूपाचे आहे. आपल्या गाडीचे ड्रम कारखान्यातून कसे आले होते हे पाहायचे असेल तर ड्रम पकडून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंच्या खोलगट बैठकांत, स्टडच्या भोकांच्या कडांत आणि मागच्या ओठाच्या (ड्रमच्या उघड्या बाजूच्या कडेच्या) खाचेत भिंगाने पाहावे. वायर ब्रश आणि लेथ तिथवर पोचत नाहीत, त्यामुळे जुन्या रंगाचा कण असलाच तर तिथेच उरतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांवर काळा रंग किंवा कोरे बीडच अधिक दिसते. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा जो मोठा सोहळा झाला, तशा ठिकाणी गाडी न्यायचा विचार असेल, तर परीक्षक मूळपणा पाहतात हे लक्षात ठेवावे. चिरंजीवांच्या लाल रंगाला माझा विरोध याच कारणाने आहे. लाल ही अलीकडच्या शर्यतीच्या गाड्यांच्या कॅलिपरवरून आलेली आवड आहे. मायनरच्या पत्र्याच्या चाकांच्या झरोक्यांतून ती डोकावली की गाडीचे वय हरवते. शिवाय लाल रंग पहिल्या मोठ्या उतारानंतर तपकिरी होतो. ज्यांना कोऱ्या बिडाचे रूप हवे असेल त्यांना बिडासारख्या करड्या छटेचा उष्णतारोधक रंग मिळतो आणि तोही भाजून वापरता येतो.

रंग टिकेल की नाही हे बहुतांशी त्याआधीच्या तयारीवर ठरते, आणि तिथे मला सर्वप्रथम आपल्या प्रकृतीची काळजी वाटते. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरात, अॅस्बेस्टॉस असे. ड्रमच्या आत आणि बॅक प्लेटवर (ड्रमच्या मागच्या, न फिरणाऱ्या तबकडीवर) साठलेली काळी-करडी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. ती पाण्यात थोडे साबण घालून ओल्या फडक्याने पुसावी, फडकी ओली असतानाच पिशवीत बांधून टाकावीत आणि घरातली लहान मुले त्या वेळी गॅरेजमध्ये नसावीत. ड्रम लेथवर जाऊन आले असले तरी बॅक प्लेट अजून तशीच असण्याची शक्यता आहे.

ड्रमला तडा नाही ना, हेही रंगाआधीच पाहावे, कारण रंगाखाली बारीक तडा दडतो. ड्रम दोरीने टांगून लाकडी हातोडीने हलकेच ठोकला तर चांगला ड्रम घंटेसारखा लांब वाजतो आणि तडकलेला बद्द आवाज करतो. आतला व्यासही या निमित्ताने मोजून घ्यावा. मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरहून अधिक सोललेल्या ड्रमवर रंगाचा खर्च न करता दुसरा ड्रम शोधावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

बीड हा धातू वरून कोरडा दिसला तरी त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरलेले असते. म्हणून थिनरने पुसल्यावर लगेच रंग मारू नये. ड्रम आधी 150 अंशांपर्यंत तापवावा, म्हणजे मुरलेले तेल घामासारखे वर येते. ते पुसून, थंड झाल्यावर पुन्हा थिनरने स्वच्छ करावे. हे काम स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये कधीही करू नये. पावडर कोटिंगवाल्यालाच विनंती करावी. त्याच्या भट्टीत एक फेरी करून देण्याला तो बहुधा नकार देत नाही, आणि हीच भट्टी पुढे रंग भाजायलाही उपयोगी पडते. ज्या गाड्यांत हब आणि ड्रम एकच असतात, त्यांचे बेअरिंग, ग्रीस आणि सील भट्टीआधी काढावेच लागतात; मायनरचा ड्रम सुटा असल्याने आपली ही कटकट वाचली.

गंज काढायला बाहेरच्या अंगावर शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा मारा, उत्तम, पण आतले घासले जाणारे अंग जाड पत्र्याची तबकडी लावून झाकले पाहिजे. ड्रमच्या कडेला तोल साधण्यासाठी लावलेला तुकडा असेल तर त्याला धक्का लागू देऊ नये. यानंतर रेड ऑक्साइड मारायची आपल्याकडच्या पेंटरांना सवय असते, ती इथे कटाक्षाने थांबवावी. सिलिकॉनचा रंग थेट कोऱ्या धातूवर बसतो. त्याच्याखाली रेड ऑक्साइड किंवा लांबी (पुट्टी) असेल तर ती आधी जळते आणि वरच्या चांगल्या रंगाला सोबत घेऊन सुटते. गंज बदलणारी काळी द्रव्येही याच कारणाने नकोत. दोन भागांच्या रंगाखाली त्याच कंपनीचा प्रायमर सांगितला असेल तर तोच वापरावा.

बडोद्याच्या पावसाळ्यात साफ केलेल्या बिडावर काही तासांत केशरी झाक येते. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढावे. पावसातच करायचे असेल तर ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी पहिला हात मारावा आणि ड्रम किंचित कोमट असताना मारावा, म्हणजे दमट हवेचा पापुद्रा खाली अडकत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर उघडलेल्या ड्रममध्ये एक गोष्ट वारंवार दिसली: जाड, गुळगुळीत रंगाच्या ड्रमवर गंज मागच्या ओठापासून सुरू होऊन रंगाच्या खालून पुढे सरकला होता आणि रंग पापडासारखा उचलला जात होता, तर पातळ आणि नीट भाजलेल्या रंगावर गंज ओरखड्याच्या जागीच थांबला होता. त्यामुळे दोन पातळ हात, मिळून 40 ते 50 मायक्रॉन, हे मी कमाल मानतो. मागच्या ओठावर, जो बॅक प्लेटच्या खाचेत फिरतो, रंगाचा गोळा साचू देऊ नये, आणि ब्रेक सेट करण्यासाठी ड्रमला असलेले भोक रंगाने बुजू देऊ नये.

भाजताना तापमान सावकाश चढवावे, नाहीतर आतला थिनर उकळून बारीक फोड येतात. भट्टीच्या काट्यावर 200 दिसले म्हणजे ड्रम 200 अंशांवर पोचला असे होत नाही. पाच किलो बीड तापायला वेळ लागतो, म्हणून डब्यावरची मुदत धातू तापल्यावर मोजायची. भाजून झाल्यावर आतल्या अंगावर हलका गंज किंवा रंगाची धूळ आलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने आडव्या-तिडव्या रेषांत काढावी आणि ब्रेक क्लीनरने धुवावी, मगच ड्रम चढवावा.

बॅक प्लेटला मात्र ड्रमचाच रंग लावण्याचे कारण नाही. ती फारशी तापत नाही, पण व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या भागाच्या) गळतीला पहिली तीच सामोरी जाते, म्हणून तिथे दोन भागांचा इपॉक्सी अधिक योग्य. पुढे कधी बॅक प्लेटच्या खालच्या कडेला किंवा ड्रमच्या ओठाशी रंग मऊ, चिकट झालेला आढळला, तर रंगाला दोष देण्याआधी सिलिंडरचे रबर तपासावे.

गाडी बाहेर काढल्यावर पहिल्या फेरीत थोडा वास येईल, क्वचित हलका धूर दिसेल. तो काही मैलांत थांबला पाहिजे आणि एकाच चाकाकडून सतत येत राहिला तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसला आहे असे समजावे. चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळून, साधारण 50 किलोमीटरनंतर गाडी थंड असताना, पुन्हा त्याच मापाने तपासावेत. एखादा नट पुन्हा फिरला तर ते चाक काढावे आणि त्याच्या तोंडावर कुठे रंग राहून गेला आहे का ते पाहावे. राहिला असेल तर तो खरवडून, तोंड कोरे करूनच चाक परत लावावे.